सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी छातीत धडधड : मनगटावरचं घड्याळ काढू की ठेवू?

उंबरठा | सोमवार, रात्री ११.५२

प्रश्न विचित्र वाटेल, पण विचारतेच.

गेल्या चार महिन्यांत तीनदा असं झालं. बसल्या जागी छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या, घसा आवळल्यासारखा, आणि आता आपण जाणार अशी खात्री. शंका नाही हं, खात्री. पहिल्या वेळी घरच्यांनी थेट इमर्जन्सीत नेलं. ईसीजी, रक्ततपासण्या, थायरॉइड, पुढे टू-डी इको, सगळं नॉर्मल. दुसऱ्या वेळी परत ईसीजी, परत नॉर्मल. तिसऱ्या वेळी लाजेने कुणाला सांगितलंच नाही, बाथरूमच्या फरशीवर बसून राहिले. फरशी गार होती एवढंच आठवतं.

आता मानसोपचारतज्ज्ञांकडे जाते. त्यांनी पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांचा आजार, असं नाव दिलं, नीट समजावून सांगितलं, तिथपर्यंत ठीक. पण दुसऱ्याच भेटीत म्हणाल्या, ते नाडी दाखवणारं घड्याळ काढून ठेवा. इथे माझं गाडं अडलंय. त्या घड्याळामुळे तर मी रात्री झोपू शकते. जाग आली की बघायचं, ७२ दिसलं की कूस बदलायची. बुडत्याला मिळालेली काडी आहे ती आणि ह्या म्हणतात काडी सोडा.

या वाटेने कुणी गेलंय का? काढू की ठेवू?

तिरकस | सोमवार, रात्री ११.५८

ठेवा, पण काच मनगटाच्या आत करून घाला. नाडीच घड्याळ बघत बसेल.

गोगलगाय | मंगळवार, सकाळी ७.१०

उंबरठा, आधी मिठी. ती "खात्री" मला ओळखीची आहे. बाहेरच्या माणसाला "घाबरल्यासारखं झालं" असं सांगितलं की तो परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखं काहीतरी डोळ्यांसमोर आणतो. तसं ते नसतंच.

काढू की ठेवू यावर मी आत्ता काही बोलत नाही. एक काम करा. आज दिवसभरात किती वेळा बघता ते मोजा. कमी करायचा प्रयत्न करू नका, नुसत्या रेघा मारा कागदावर.

खडूस | मंगळवार, सकाळी ८.३३

हल्ली प्रत्येक गोष्टीला डिसऑर्डर म्हणायची फॅशन आलीये. पहाटे उठा, तासभर पळा, मोबाइल लांब ठेवा, मन खंबीर करा. एवढं पुरे.

सारीपाट | मंगळवार, सकाळी ८.४१

आले! मी प्रतिसादांत पाचवा नंबर धरला होता, तिसऱ्यालाच आले.

खडूसकाका, पळण्याबद्दल वाद नाही, व्यायामाने फरक पडतो हे खरंच आहे. पण पॅनिकवाल्या माणसाला पळायला सांगून बघा. पळालं की छाती धडधडते, घाम येतो, दम लागतो. म्हणजे झटक्याची सगळी लक्षणं जशीच्या तशी. मी दीड वर्ष जिना टाळत होतो, केवळ वर पोचल्यावर हृदय जोरात चालतं म्हणून. "मन खंबीर करा" हे आम्हाला कुणी सांगायचं राहिलंय असं वाटतं का तुम्हाला?

जुना_स्टेथो | मंगळवार, दुपारी २.०५

डॉक्टर आहे, पण उंबरठाताईंचा डॉक्टर नाही, त्यामुळे हे सगळं सर्वसाधारण समजून घ्या.

झटक्यात होतं ते असं. शरीराची धोक्याची घंटा वाजते, अॅड्रिनलिन सुटतं, हृदय जोरात पळू लागतं, श्वास भराभर होतो. हे सगळं पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी. समोर खरंच काही असेल तर माणूस पळतो आणि प्रकरण मिटतं. इथे समोर काहीच नाही. मग मन कारण शोधायला आत वळतं आणि त्याला पहिली सापडते ती छातीतली धडधड. "हृदयाला काहीतरी झालंय." या विचाराने घंटा आणखी जोरात वाजते, धडधड वाढते, विचाराला पुरावा मिळतो. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने हे चक्र १९८६ साली मांडलं आणि पॅनिकच्या आजच्या मानसोपचाराचा मोठा भाग त्यावरच उभा आहे. त्याच्या मते धडधड हा आजार नव्हे, धडधडीचा लावलेला भयंकर अर्थ हा आजार.

मुंग्यांचंही तसंच. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटं आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. आपल्याला वाटतं हवा पुरत नाही, म्हणून आणखी जोरात ओढतो. प्रत्यक्षात हवा जास्त झालेली असते.

बहुतेक झटके दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचतात आणि मग उतरतात. शरीर ती पातळी तासन् तास टिकवून धरू शकत नाही. झटक्यात अडकलेल्याला हे सांगून उपयोग नसतो, हे मात्र कबूल.

शंकासुर | मंगळवार, दुपारी ३.२०

डॉक्टरसाहेबांचा आदर ठेवून एक आडवा सूर लावतो. "रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे मनाचं आहे" ही उडी फार पटकन मारली जाते, विशेषतः पेशंट बाई असेल तर. छातीत दुखणाऱ्या बाईला "टेन्शन घेऊ नका" सांगून घरी पाठवल्याची उदाहरणं सगळ्यांना माहीत असतील. उद्या खरोखर हृदयाचं दुखणं निघालं तर? घड्याळ काढा म्हणणारा जबाबदारी घेणार आहे का?

जुना_स्टेथो | मंगळवार, दुपारी ४.१५

शंकासुर, सूर आडवा नाही, रास्त आहे. अतिकार्यक्षम थायरॉइड, रक्तक्षय, हृदयाच्या ठोक्यांतली अनियमितता, क्वचित अॅड्रिनल ग्रंथीची गाठ, काही औषधं, आणि अर्थातच प्रमाणाबाहेर कॅफीन, हे सगळे अँग्झायटीचा वेष घेऊन येतात. म्हणून पहिल्यांदा छातीत दुखलं की तपासायचंच, त्यात तडजोड नाही. वेगळं काही वाटलं, म्हणजे श्रमाने छातीत दुखतंय, शुद्ध हरपली, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, तर पुन्हा तपासायचं.

पण तपासणीला शेवट हवा. नीट तपासून झालं, काही निघालं नाही, तर अकराव्या ईसीजीतून काय मिळतं? दोन दिवसांची शांतता. तिसऱ्या दिवशी प्रश्न परत उभा. "त्या दिवशी नसेल दिसलं."

उंबरठा | मंगळवार, रात्री ९.४०

गोगलगाय, मोजलं. ४१.

आणि यात दुपारची झोप धरलेली नाही. मला वाटलं होतं दहा-बारा असतील.

तिरकस | मंगळवार, रात्री ९.४४

घड्याळालाच आता धडधड होत असेल.

गोगलगाय | मंगळवार, रात्री १०.३०

४१ ऐकून मला हसू नाही आलं. माझ्या रेघा ६० च्या पुढे होत्या, फक्त घड्याळावर नाही, नेटवर. लक्षण टाकायचं, वाचायचं, घाबरायचं, मग त्यातलं "बहुतांश वेळा निरुपद्रवी" हे वाक्य सापडेपर्यंत वाचत राहायचं. ते वाक्य म्हणजे माझं ७२.

आता विचारा स्वतःला : ४१ वेळा बघून एकदाही समाधान टिकलं का? टिकलं असतं तर बेचाळिसाव्यांदा बघावंसं वाटलं नसतं.

पाणकावळा | बुधवार, सकाळी ६.५५

मी वाचक आहे, सहसा लिहीत नाही. पण हा धागा वाचून राहवलं नाही.

त्रास मला नाही, बायकोला. पण आमच्या घरात घड्याळ मी होतो.

"मला काही होणार नाही ना?" असं ती विचारायची. मी म्हणायचो, "अगं नाही." सुरुवातीला दिवसातून एकदा. मग सकाळ-संध्याकाळ. मग ऑफिसात फोन. मीटिंगमध्ये असलो आणि फोन उचलला नाही की पुढचा तास तिचा नरकात जायचा, म्हणून मी मीटिंगमध्ये फोन उचलायला लागलो. मग ती एकटी बाहेर पडेनाशी झाली. मग मी दुसऱ्या गावची कामं नाकारायला लागलो. यातलं प्रत्येक पाऊल मी प्रेमाने उचललं होतं, हे लक्षात घ्या. कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, मी तिला सांभाळतोय.

थेरपिस्टनी दोघांना एकत्र बसवलं आणि मला विचारलं, "तुम्ही 'नाही होणार' म्हणता, ते किती वेळ टिकतं?" मी हिशेब केला. वीस मिनिटं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही वीस मिनिटांची गोळी आहात."

त्या वाक्याचा मला राग आला होता. आठवडाभर राहिला.

मग आम्ही ठरवलं. तिने विचारलं की मी "नाही होणार" म्हणायचं नाही. म्हणायचं, "प्रश्न ऐकला. आपण ठरवलंय की मी याचं उत्तर देत नाही. जवळ बसू का?" ऐकायला निर्दय वाटतं. पहिले दहा दिवस दोघांनाही रडू यायचं. एकदा ती चिडून म्हणाली, "तुला माझी काळजी नाही." आणि मी जवळजवळ मोडलो. पण दुसऱ्या महिन्यात फोन कमी झाले. आज ती एकटी प्रवास करते. मला काय मिळालं सांगू? मीटिंगमध्ये फोन सायलेंटवर ठेवायची मुभा.

अबोली_ | बुधवार, सकाळी ७.३०

पाणकावळा, हे माझ्या नवऱ्याला वाचायला देते आहे.

मधलीसुट्टी | बुधवार, सकाळी ९.१२

वाचनखूण साठवली. पाणकावळा, लिहीत जा हो.

खडूस | बुधवार, सकाळी ९.५०

पण बायको घाबरलेली असताना "उत्तर देत नाही" म्हणायचं? धीर देणं हेही पाप झालं आता?

पाणकावळा | बुधवार, सकाळी १०.०५

काका, धीर आणि हमी यात फरक आहे. "मी आहे" हा धीर. "तुला काही होणार नाही" ही हमी. ती देण्याची माझी लायकी नाही, कुणाचीच नसते. तिचं मन हे बरोबर ओळखायचं, म्हणून तर वीस मिनिटांत हमी वटेनाशी व्हायची.

चष्मिष्ट | बुधवार, दुपारी १.१५

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१८७१ साली या विषयातल्या दोन मोठ्या गोष्टी घडल्या, समुद्राच्या दोन बाजूंना. अमेरिकेत जेकब द कोस्टा या डॉक्टरने यादवी युद्धातल्या सैनिकांबद्दल निबंध लिहिला. धडधड, छातीत दुखणं, धाप, आणि हृदयात मात्र बिघाड सापडत नाही. त्याने नाव दिलं चिडखोर हृदय. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कार्ल वेस्टफाल याने मोकळे चौक ओलांडताना गर्भगळीत होणाऱ्या पेशंटांचं वर्णन केलं आणि अॅगोराफोबिया हा शब्द घडवला. एकाने छाती पाहिली, दुसऱ्याने चौक. हे दोन्ही एकाच दोरीचे पदर आहेत हे नीट जुळायला पुढे शंभरेक वर्षं गेली. पॅनिक डिसऑर्डर हे वेगळं निदान म्हणून मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात आलं ते १९८० मध्ये.

तेव्हा खडूसकाका, ही "हल्लीची फॅशन" तुमच्या पणजोबांच्या वेळची आहे.

आणखी अवांतर. आपण सगळे "अँग्झायटी" लिहितोय, पण मराठीत काय शब्द आहेत बघा. धास्ती, धडकी, घालमेल, हुरहूर, उलघाल, जीव टांगणीला लागणं, पोटात गोळा येणं, काळजात चर्र होणं. प्रत्येकाची जागा वेगळी. धडकी एकदम भरते, धास्ती घेतली की ती बसून राहते. पॅनिक म्हणजे धडकी आणि सतत काळजीचा आजार म्हणजे धास्ती, असं मी मनाशी लावून घेतलंय.

तिरकस | बुधवार, दुपारी १.२२

आणि "हुरहूर" वाल्यांना औषध नको असतं, पाऊस हवा असतो.

गोगलगाय | बुधवार, रात्री ११.०५

चष्मिष्ट, धास्ती हा शब्द पटला. माझं निदान तेच, जनरलाइज्ड अँग्झायटी. मला उंबरठासारखे झटके येत नाहीत. माझी गाडी कमी वेगाने पण चोवीस तास चालू. निदानासाठी साधारण सहा महिने, बहुतेक दिवस, अनेक गोष्टींबद्दल आवरता न येणारी काळजी असं धरतात. मी सहा महिने ऐकून हसले होते. माझी सहा वर्षं झाली होती आणि मी त्याला स्वभाव समजत होते. आमच्याकडे काळजी करणारी बाई म्हणजे जबाबदार बाई. मुलाला यायला दहा मिनिटं उशीर झाला की माझ्या डोक्यात अपघात, हॉस्पिटल, पुढचं सगळं होऊन गेलेलं असायचं, आणि तो आला की मी जेवण वाढायचे, जणू काही झालंच नाही. मान कायम आखडलेली, झोप तुटक, दातांवर दात.

मला उपयोगी पडलेली एक गोष्ट ऐकायला पोरकट आहे. काळजीची वेळ. रोज संध्याकाळी अर्धा तास, ठरलेल्या खुर्चीत. दिवसभरात काळजी आली की एका ओळीत लिहायची आणि सांगायचं, "साडेसहाला ये." थॉमस बोरकोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली हे तपासून मांडलं होतं. पहिल्या आठवड्यात मी साडेसहाला बसून रडले. तिसऱ्या आठवड्यात यादी वाचताना काही ओळी कशाबद्दल होत्या तेच आठवेना.

ती यादी मी ठेवली. हा प्रयोगही झालेला आहे : २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात याच आजाराच्या २९ जणांनी आपल्या चिंता लिहून ठेवल्या आणि नंतर ताडून पाहिल्या. सुमारे ९१ टक्के खऱ्या झाल्या नाहीत.

शंकासुर | बुधवार, रात्री ११.२०

२९ म्हणजे फारच थोडे हो. आणि उरलेल्या ९ टक्क्यांचं काय? अँग्झायटीवाला माणूस तेच बघणार.

गोगलगाय | बुधवार, रात्री ११.३१

बघतेच. पण माझ्या यादीतल्या ज्या खऱ्या झाल्या, त्यांत मी बऱ्यापैकी उभी राहिले. काळजी करताना मी संकट पूर्ण रंगवायचे, पण त्या चित्रात मी स्वतः कायम हातपाय गाळून बसलेली असायचे. प्रत्यक्षात तशी बसले नाही. हे मला यादीने दाखवलं.

अबोली_ | गुरुवार, सकाळी १०.४०

सगळे छातीबद्दल बोलताय, माझं तोंडाबद्दल आहे. सोशल अँग्झायटी. लोक म्हणतात "लाजाळू आहे". लाजाळू माणूस पार्टीत गप्प बसतो आणि घरी येऊन झोपतो. मी घरी येऊन पंचनामा करते. त्याने असं का पाहिलं, मी तसं का हसले, "बरं आहे" च्या ऐवजी "बरी आहे" म्हणायला हवं होतं का. रात्री दोनपर्यंत.

एका फोनसाठी मी वाक्यं लिहून काढायचे. कागद हातात. समोरच्याने मधेच वेगळंच काही विचारलं की कागद निरुपयोगी आणि मी फोन कट करून "नेटवर्क गेलं" असा मेसेज. थेरपीत मला जे करायला लावलं त्याने मी हादरले होते : मुद्दाम चुकायचं. दुकानात जाऊन असा प्रश्न विचारायचा ज्याचं उत्तर समोर पाटीवर लिहिलंय. मीटिंगमध्ये एक वाक्य अर्धवट सोडायचं आणि काय होतं ते बघायचं. काय झालं? काहीच नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला हायसं वाटायला हवं होतं, पण खरं सांगू, थोडं वाईट वाटलं. एवढी वर्षं मी ज्या प्रेक्षकांसाठी जागले ते प्रेक्षक नव्हतेच.

मधलीसुट्टी | गुरुवार, सकाळी ११.०२

शेवटच्या वाक्याला दंडवत.

माझी एक वेगळी जात सांगते. पॅनिकवाल्यांना डॉक्टर सांगतात ना, "चक्कर आल्यासारखं वाटेल पण तुम्ही पडणार नाही", कारण रक्तदाब वाढलेला असतो. मी पडते. धाडकन. रक्त आणि सुईची भीती. यात आधी दाब वाढतो आणि मग एकदम कोसळतो. म्हणून आम्हाला "सैल व्हा, खोल श्वास घ्या" सांगणं अगदी उलट. स्वीडनच्या लार्स-योरान ओस्ट यांची पद्धत शिकवली मला : हात, पाय, पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा तापल्यासारखा झाला की सोडायचे, वीस-तीस सेकंद थांबून परत. आता रक्त देताना मी दात-ओठ खाऊन बसते. नर्सला वाटतं मी तिच्यावर चिडलेय.

तिरकस | गुरुवार, सकाळी ११.०६

हसून हसून पुरेवाट. रक्तदान नव्हे, युद्धदान.

सारीपाट | गुरुवार, रात्री ८.२५

औषधांबद्दल कुणी बोलेना म्हणून मी बोलतो. नावं-डोस लिहीत नाही, ज्याचं त्याने डॉक्टरांशी बोलावं.

मला एसएसआरआय गटातलं, म्हणजे नैराश्य आणि अँग्झायटीवर रोज घ्यायचं औषध दिलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की गुण यायला काही आठवडे लागतील आणि सुरुवातीला बेचैनी थोडी वाढू शकते. हे सांगितलं नसतं तर मी चौथ्या दिवशी गोळ्या फेकल्या असत्या. सहाव्या आठवड्यात एका सकाळी लक्षात आलं की मी जिना चढून आलोय आणि नाडी बघायची राहिली. असा काही साक्षात्कार नाही, फक्त राहिली.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या गोळीबद्दल. पटकन शांत करणारी, बेंझोडायझेपिन जातीची. ती "अगदीच लागली तर" म्हणून दिलेली. या गोळ्यांची सवय लागते, रोज खायच्या नसतात, हे माहीत होतं, म्हणून मी खाल्ली नाही. पाकिटात ठेवली. पाकीट घरी विसरलो की अर्ध्या वाटेतून परत. एकदा विमानतळावरून परत आलोय. चार वर्षं ती एकच गोळी माझ्या पाकिटात होती. एक दिवस काढून पाहिली तर वेष्टनावरची मुदत तीन वर्षांपूर्वी संपलेली.

उंबरठा, तुमचं घड्याळ वाचलं आणि मला ती गोळी आठवली.

संपादक | गुरुवार, रात्री ९.००

एका सदस्याने औषधाचं नाव आणि मात्रा देऊन "मला लागू पडलं, तुम्हीही घ्या" असं लिहिलं होतं. तो प्रतिसाद काढून टाकला आहे. चालू औषध आपल्या मनाने एकदम बंद करण्याचे सल्लेही देऊ नयेत.

शंकासुर | शुक्रवार, दुपारी १२.४५

मी विरोधात होतो, पण वाचत गेलो. एक भारी गोष्ट सापडली. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आहे, भीतीचं केंद्र म्हणून त्याची ख्याती. एका दुर्मिळ आजारात एका बाईचे दोन्ही बाजूंचे अमिग्डाला निकामी झाले होते. तिला साप दाखवा, भुताटकीच्या वाड्यात न्या, ढिम्म. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा हुंगायला दिली. तिला पॅनिकचा झटका आला. तसेच आणखी दोन पेशंट होते, त्यांनाही आला. म्हणजे बाहेरच्या धोक्याची घंटा वेगळी आणि आतल्या गुदमरण्याची वेगळी.

त्यामुळे "सगळं मनाचे खेळ" म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. मीही त्यातच.

पिशवीत श्वास घ्यायचं काय? सिनेमात दाखवतात ते.

जुना_स्टेथो | शुक्रवार, दुपारी २.३०

आता सुचवत नाहीत. झटका दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर धोक्याचं आहे. आणि पॅनिकचाच असेल तर पिशवी म्हणजे पाकिटातली आणखी एक गोळी. श्वास सोडणं लांबवा, तेवढं पुरे. तेही झटका पळवून लावण्यासाठी नको. पळवून लावायला बसलात की तो जातोय का हे तपासत बसता.

ऑस्ट्रेलियात क्लेअर वीक्स नावाच्या डॉक्टर होत्या. त्यांना स्वतःला तरुणपणी हा त्रास झाला होता. १९६० च्या दशकात त्यांनी पेशंटांना सांगितलेलं सूत्र अजून जुनं झालेलं नाही : सामोरं जा, असू दे म्हणा, तरंगत राहा, वेळ जाऊ द्या. लढा हा शब्द त्यात नाही.

खडूस | शुक्रवार, दुपारी ३.१५

सारीपाटचं विमानतळाचं वाचून गप्प झालो.

माझा थोरला भाऊ लिफ्टमध्ये जात नसे. आम्ही आयुष्यभर त्याची टिंगल केली. नवव्या मजल्यावरच्या कार्यालयातली नोकरी त्याने नाकारली, कारण विचारलं तर म्हणाला पगार कमी आहे. आज वाटतं, कारण लिफ्ट असेल. आता विचारायला तो नाही.

पळण्यावर मात्र मी ठाम आहे.

सारीपाट | शुक्रवार, दुपारी ३.२०

काका, पळूया. मीही येतो.

उंबरठा | तीन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६.१०

धागा वर काढते आहे. खूप जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं, म्हणून.

घड्याळ एकदम काढलं नाही. थेरपिस्टशी भांडले आणि तह झाला. पहिल्या आठवड्यात फक्त पडद्यावरचा नाडीचा आकडा बंद, घड्याळ हातावर. दुसऱ्यात रात्री घड्याळ दुसऱ्या खोलीत. ती पहिली रात्र मी पूर्ण जागी होते, कबूल करते. तिसऱ्यात ड्रॉवरमध्ये, आणि चार्ज करायचं नाही.

मधे एक सत्र झालं ते सांगण्यासारखं आहे. त्यांनी मला फिरत्या खुर्चीत बसवून मिनिटभर गरागरा फिरवलं. मग जागच्या जागी पळायला लावलं. मग बारीक नळीतून श्वास. म्हणजे चक्कर, धडधड, गुदमर, तिन्ही मुद्दाम आणायचे आणि काही न करता बसायचं. मी म्हटलं, हे तुम्ही फी घेऊन करता? नळीच्या वेळी मी खरंच घाबरले, उठून दारापर्यंत गेले. त्या म्हणाल्या, "दाराशी उभ्या राहा, पण हात मानेवर नको." तोपर्यंत मला माहीतच नव्हतं की माझा हात नाडी चाचपत मानेवर आहे.

मागच्या गुरुवारी चौथा झटका आला. घरात कुणी नव्हतं, घड्याळ ड्रॉवरमध्ये, बॅटरी संपलेली. जुना_स्टेथो, दहा मिनिटं लिहिलंत ना, मला तास वाटला. मी आपलं "असू दे, असू दे" म्हणत बसले, त्यावर अजिबात विश्वास नसताना. मग उतरला. पहिल्यांदाच मला माहीत नाही की त्या वेळी आकडा किती होता. १३० असेल, १६० असेल. कळलं नाही आणि तरी उतरला. हे मी अजून चघळते आहे.

शंकासुर, तुमच्या प्रश्नाचं : वर्षातून एकदा साधी तपासणी, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली तीन लक्षणं दिसली तरच त्याआधी. कागद फ्रिजवर लावलाय.

बरी झाले असं म्हणत नाही. काल जागे झाले आणि ड्रॉवर उघडला. घड्याळाचा पडदा काळा होता, तरी उघडला.

पाणकावळा | रविवार, संध्याकाळी ६.४०

"दाराशी उभ्या राहा" हे घरी वाचून दाखवलं. बायको म्हणाली, तिला सांग माझीही नळी आठवली.

गोगलगाय | रविवार, संध्याकाळी ७.०५

आणि मानेवरचा हात? मोजला?

उंबरठा | रविवार, संध्याकाळी ७.११

आज ९. हे लिहिताना धरून १०.

तिरकस | रविवार, संध्याकाळी ७.१३

दोन्ही हात कीबोर्डवर ठेवा ताई. धागा अजून शंभरी गाठायचाय.